जास्तीचा एक ठोका

“खोटं! साफ खोटं! विनय, हे तुला तिनंच सांगायला लावलंय!” तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभा राहून मी ओरडत होतो. इतक्या मोठ्यानं, की समोरच्या केरळी कुटुंबानं दार उघडलं, वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन डॉक्टरनं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि खालून वॉचमन “बापूभाई, आग लगी क्या?” म्हणत धावत आला. विनय दारात उभा होता, हातात आईचा चष्मा. “बापू, आई गेली,” एवढंच तो म्हणाला होता. आणि मी त्याला बाजूला सारत होतो, की बघू दे मला, आत बसून हसत असेल. त्या बाईनं सात वर्षं मला असं काही खेळवलं होतं, की ती गेली हेसुद्धा तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मानायची माझी तयारी नव्हती.

ती खुर्चीत होती. मान जराशी कलती, पाय पाटावर. हसत नव्हती. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि चार वाजता माझ्या छतातून जे यायला हवं होतं ते आलं नव्हतं, म्हणूनच तर मी वर आलो होतो...

आता आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं किती धरायचं आणि किती सोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बापू. मूळचा नगर जिल्ह्यातला, इथं आखातात, दोह्यात अठ्ठावीस वर्षं. अल थुमामातल्या आमच्या बिल्डिंगचे पाइप, पंप, एसी आणि लिफ्ट सांभाळतो आणि दुसऱ्या मजल्यावर राहतो. उरलेल्या वेळात गोष्टी सांगतो. वक्राच्या समुद्रात मी एकदा हमूर मासा धरला होता. पहिल्या वर्षी तो हाताएवढा होता. आता तो पिकअपमध्ये मावत नाही, मागं लोंबणारी शेपटी हायवेला घासते आणि ठिणग्या उडतात. वाळूच्या वादळात सलवा रोडवरून एक बोकड उडत येऊन आमच्या गच्चीवर उतरला आणि त्यानं डिशचा अँटेना खाल्ला, हेही मीच पाहिलं. आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या कार्यक्रमात वीस मिनिटं माझी असतात. असायची.

तर सात वर्षांपूर्वी एका दुपारी छतातून ठकठक ऐकू आली. आमची कुंदा म्हणाली, “अहो, वर कुणीतरी खलबत्त्यात कुटतंय.” मी म्हणालो, “गप्प बस. अर्धं आयुष्य पाइप ऐकण्यात गेलंय माझं. हा पाण्याचा दणका आहे.” वरचा नळ झटकन बंद केला, की पाइपातलं पाणी आपटतं आणि पाइप भिंतीवर डोकं बडवतो, असा तो प्रकार. मी फॉल्स सीलिंग उघडलं. वॉल्व्ह बदलला. पाइपाला रबराची पट्टी बांधली. ठकठक रोज चार वाजता हजर. मी स्टुलावर उभा राहून अकरा दिवस कान छताला लावला आणि माझ्या तक्रारवहीत नोंदी केल्या. आमच्या कंपनीनं सगळं कॉम्प्युटरवर नेलंय, पण मी अजून वही ठेवतो; कॉम्प्युटरला कान नसतात. बाराव्या दिवशी हार मानून वर गेलो आणि बेल दाबली.

दार उघडलं एका गोऱ्या म्हातारीनं. म्हणजे आपल्याकडे मुलीला ‘गोरी’ म्हणतात तशी गोरी नव्हे. निळ्या डोळ्यांची, अस्सल परदेशी. अंगावर सुती सहावारी, केसांचा अंबाडा, आणि पायांत पुरुषाचे काळे ऑफिसचे बूट. मी इंग्रजीत म्हणालो की मॅडम, पाइप तपासायचाय. ती स्वच्छ मराठीत म्हणाली, “पाइप मीच आहे. ये, बस. चहा घेणार ना?”

या रुक्मिणीकाकू. आमच्या विनयची आई. मूळ नाव रूथ, गाव अमेरिकेतलं ओहायोकडचं. नवरा, म्हणजे अण्णा, वारल्यावर नाशिकचं घर बंद करून मुलाकडे दोह्याला आल्या होत्या. बूट अण्णांचे. नाशिकच्या चांभाराकडून काकूंनी त्या बुटांना टाचेला आणि चवड्याला लोखंडी नाल ठोकून घेतले होते. खुर्चीत बसायचं, सासूबाईंनी दिलेला सागवानी पाट पायाखाली घ्यायचा आणि रोज चार वाजता, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, नाच करायचा. कमरेच्या वरचं अंग स्वस्थ, हातात चहाचा कप, आणि खाली पाय असे बोलायचे, की भांडखोर सासू-सून बऱ्या. टॅप डान्स. बुटाच्या तळानं जमिनीवर ताल वाजवण्याचा तो अमेरिकन नाच.

आणि मग त्यांनी पहिल्याच चहाला सांगितलं, की सतराव्या वर्षी त्या बसनं लॉस एंजेलिसला गेल्या आणि सहा वर्षं सिनेमात नाचल्या.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात शंकेचा जो दिवा लागला तो सात वर्षं विझला नाही. कारण मी त्या धंद्यातला. खोटी गोष्ट कशी बांधतात हे मला शिकवायचं कारण नाही. मी विचारलं, “कुठला सिनेमा?” त्यांनी नाव सांगितलं. नटीचंही सांगितलं, ते मी इथं छापत नाही, तिचे वारसदार वकील घेऊन येतील. मी घरी येऊन तो सिनेमा शोधून त्यातला नाच रात्रीतून चाळीस वेळा पाहिला. त्यात नटी जिन्यावरून नाचत खाली येते, मागं सोळा पोरी. एकीतही काकू दिसेनात. दुसऱ्या दिवशी वर जाऊन म्हणालो, “काकू, तुम्ही कुठं आहात त्यात?”

“नाहीच आहे. माझे पाय आहेत. तेही दिसत नाहीत. ऐकू येतात.”

बघा आता. त्यांचं म्हणणं असं, की शूटिंगमध्ये पायांचा आवाज नीट घेता येत नसे. तो मागाहून, एका अंधाऱ्या खोलीत, लाकडी फळीवर वाजवून भरायचे. समोर पडद्यावर नटी नाचते आहे, आणि इकडे फळीवर उभी राहून दुसरीच कुणी तिच्या पायाबरहुकूम ठोके देते आहे. त्या नटीला ठोके स्वच्छ जमत नसत. ते रूथनं दिले. चेहरा नटीचा, पाय नटीचे, नाव नटीचं, आवाज आमच्या काकूंचा. मी मनात टोपी काढली. काय थाप आहे! चेहरा नाही, नाव नाही, फोटो नाही. पकडणार कुठं? इतकी बिनशिवणीची थाप मला अख्ख्या आयुष्यात सुचली नव्हती.

म्हणून मी सापळे लावायला लागलो. सहा महिन्यांनी तोच प्रश्न फिरवून विचारायचो. “काकू, त्या दिवशी खोलीत चौघं होते म्हणालात ना?” त्या म्हणायच्या, “दोघे. मी आणि साउंडवाला.” “पाऊस पडत होता ना हो?” “मला काय ठाऊक? खोलीला खिडकी नव्हती.” दरवेळी तेच. माझा हमूर दरवर्षी वीतभर वाढतो. त्यांची गोष्ट सात वर्षांत इंचभर वाढली नाही. आणि मला तेच सर्वांत संशयास्पद वाटायचं. कुंदाला म्हणायचो, “पाठ केलीय बाईनं.”

एकदा त्यांना चांगलं बोलायचं कामही मिळालं होतं. एकच वाक्य. नटीच्या दिवाणखान्यात शिरायचं आणि म्हणायचं, बाईसाहेब, गाडी आली. तीन आठवडे रोज आरशासमोर तालीम केली, घरी आईला पत्र लिहिलं, आई सगळं गाव घेऊन थेटरात गेली, आणि ते वाक्य कात्रीत गेलेलं. दोह्यात विनयची गाडी खाली लागली, की काकू लिफ्टच्या दारात ताठ उभ्या राहून स्वतःलाच बजावायच्या, “बाईसाहेब, गाडी आली.” आणि आत शिरायच्या.

अण्णा त्यांना तिथंच भेटले. नाशिकचा मुलगा, इंजिनीअरिंग शिकायला गेलेला. सुट्टीत खर्चाला पैसे हवेत म्हणून एका वाळवंटी सिनेमात मुंडासं बांधून तीन दिवस अरब झाला होता. पुढं लग्न नाशिकला झालं. ताटात तांदूळ पसरून अण्णांनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, रुक्मिणी. काकू सांगायच्या, “सहा वर्षं मी वाट पाहिली बापू, की माझं नाव कशावर तरी येईल. शेवटी आलं ते तांदळावर. आणि तेही माझं नव्हे.” असं म्हणून खो-खो हसायच्या. कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायला नेलं, की डोळे चोळत कुरकुरायच्या, “सिनेमातली वाळू बरी होती. डोळ्यात जात नसे.”

हळूहळू काय झालं, की शुक्रवारी माझ्याकडे जमणारी माणसं एक मजला वर जायला लागली. माझा बोकड आणि हमूर यांना विचारीना कुणी. विनयची मुलगी ईशा तर आजीच्या खुर्चीला चिकटलेली असायची. ही पोरगी इथंच वाढलेली, इंग्रजी शाळेतली. आजी अमेरिकन असून मराठीत बोलायची आणि नात मराठी असून इंग्रजीत उत्तर द्यायची, असा तो उलटा संसार. पण तिच्याइतकं ऐकणारं माणूस मी पाहिलं नाही. काकूंच्या त्या सगळ्या आयुष्याला प्रेक्षक म्हणाल तर ही एकटी.

गेल्या गणपतीत मंडळानं माझी वीस मिनिटं कापून पाच केली आणि पंधरा ईशाला दिली. विषय, ‘माझी आजी’. आता कळेल तुम्हाला, मी पुढं जे केलं ते का केलं. ईशानं पडद्यावर तो जिन्यावरचा नाच दाखवला आणि म्हणाली, “धिस साउंड इज माय आजी.” टाळ्या सुरू होणार, तोच दुसऱ्या रांगेतून मी मोठ्यानं म्हणालो, “कशावरून? उद्या मी म्हणेन, त्यातला पियानो माझा!”

हॉल हसला. दोनशे माणसं हसली. ईशाच्या हातातला माइक खाली आला. पहिल्या रांगेत काकू शाल पांघरून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, वळल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, “ईशा, पुन्हा लाव. पाचव्या पायरीपासून. सात ठोके मोजा. सातव्यानंतर एक जास्तीचा आहे, उशिराचा. तेव्हा तिचा पाय हवेत आहे. तो माझा. टाच निसटली माझी. साउंडवाला दमला होता, म्हणाला राहू दे, कुणाला कळतंय.”

पुन्हा लावलं. पाचवी पायरी. सात. आणि नटीचा पाय हवेत तरंगत असताना, कुठूनसा एक बारीक, उशिराचा... ठक. सगळा हॉल गार. चाळीस वेळा पाहूनही मला तो ऐकू आला नव्हता. आणि मी काय केलं? मी हरलेला माणूस. म्हणालो, “सत्तर वर्षं पाहिल्यावर मलाही सापडला असता! चूक सापडली म्हणजे ती आपलीच कशी?” पुन्हा हशा. मुद्दा बिनतोड होता, हेच वाईट झालं. ईशानं आजीकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच ते होतं, जे सात वर्षं माझ्या नजरेत होतं.

चार दिवसांनी काकू लिफ्टनं खाली माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. “बापू, तू माझा प्रेक्षक पळवलास. एकच होता. परत आणून दे.”

मी म्हणालो, “काकू, मस्करी केली हो.”

“ती येते. शेजारी बसते. पण काही विचारत नाही. तू पसरवलंस, तू आवर. यल्ला, लाग कामाला.”

आता इथं मी जी चूक केली ती माझ्यासारखाच माणूस करू शकतो. पुरावा आणायचा होता, आणि मला पुरावा म्हणजे गोष्ट एवढंच ठाऊक. मी ईशाला गाठून सांगितलं, की दुखानच्या साइटवर मला एक म्हातारा अमेरिकन भेटला, त्याचा सख्खा काका त्याच स्टुडिओत साउंडवाला होता, आणि मरताना म्हणाला की रूथसारखे पाय पुन्हा झाले नाहीत. मला स्वतःला रडू आलं, इतकी बेतशीर जमली होती. पोरीचे डोळे चमकले, ती धावत वर गेली. दहाव्या मिनिटाला काकूंनी मला बोलावून घेतलं. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“माझ्या खऱ्याला तुझ्या खोट्याचं ठिगळ कशाला लावलंस रे? कुणी सांगितलं होतं?” आणि माझ्यादेखत नातीला म्हणाल्या, “ईशा, तो साउंडवाला एकटा होता, त्याला ना भाऊ ना बहीण. हा बापू खोटं बोलतोय.”

ईशा म्हणाली, “देन हू इज टेलिंग द ट्रुथ, आजी?”

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, “नको मानूस. चहा टाक.”

हिवाळा तसाच गेला. चार वाजता ठकठक व्हायची, पण थकलेली. मी वर जायचो, आम्ही दोघं चहा प्यायचो, ईशा फोन घेऊन समोर बसलेली. कुणी काही विचारत नसे. मी सापळेसुद्धा लावत नव्हतो... मग ती दुपार आली, ज्या दुपारी ठकठक झालीच नाही.

पोलीस आले, अँब्युलन्स आली. इथं आपल्या लोकांना दहन नाही; माणसाला पेटीत घालून विमानानं घरी न्यायचं. स्ट्रेचर लिफ्टपाशी आणलं. विनय कागदांवर सह्या करत होता, ईशा भिंतीला टेकून उभी होती, कोरडी. लिफ्टचं दार उघडलं. तेव्हा मी ताठ उभा राहून म्हणालो, “बाईसाहेब, गाडी आली.” आवाज बरोबर लागला नाही. तालीम नव्हती.

नाशिकचं सगळं उरकून ती मंडळी पंधरा दिवसांनी परतली. त्या पंधरा दिवसांत मी छताकडे बघत बसायचो. कुंदा म्हणाली, “ते भोक तरी बुजवा आता, सात वर्षं उघडं आहे.” ते भोक कुठल्या तारखेचं हे बघायला मी जुनी तक्रारवही काढली. पान सापडलं. माझं अक्षर, निळी शाई. ‘तिसऱ्या मजल्याच्या बाजूनं ठोके. दुपारी चार. सात ठोके सारखे, नंतर एक जास्तीचा, उशिरा. रोज त्याच जागी. वॉल्व्ह बदलला, फरक नाही. पेंडिंग.’ ही नोंद काकूंना पहिल्यांदा भेटण्याआधीची. त्या सिनेमाचं नाव कानावर पडण्याआधीची. जी टाच त्या अंधाऱ्या खोलीत निसटली होती ती आयुष्यभर त्याच जागी निसटत राहिली, आणि तिचा पुरावा भर हॉलमध्ये ओरडणाऱ्या माणसाच्या कपाटात पडून होता. मी हे विसरलो होतो, असं मी म्हणतो. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा. मला स्वतःला माझी खात्री देता येत नाही.

वही घेऊन धावत वर गेलो. ईशानं दार उघडलं. पाट जागच्या जागी होता, मधोमध दोन खळगे पडलेला, वर अण्णांचे बूट. मी वही तिच्यापुढं धरली, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचून दाखवली, तारीख दाखवली. तिनं फोनवर तो जिना लावला, सात मोजले, आठवा ऐकला. पुन्हा वहीत पाहिलं. पान उलटून शाई पुसून पाहिली. मी म्हणालो, “आता पटलं ना?”

“पण हे तुम्हीच लिहिलंय ना, काका?” ती म्हणाली. मराठीत. आणि वही माझ्या हातात परत दिली.

वाळूतल्या बोकडाची शपथ, आयुष्यात एकदाच माझ्याकडे खरी गोष्ट होती आणि ती सांगायला मी एकटाच उरलो होतो. खाली आलो. वही कपाटात ठेवली. भोक बुजवलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी चहा घेऊन बसलो होतो. चार वाजले. आणि छतातून... ठक. अडखळत, चाचपडत. एक, दोन, तीन. मध्ये थांबलं. पुन्हा पहिल्यापासून. कुंदानं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. मी बोटांवर मोजत होतो. पाच, सहा, सात. मग काही नाही. मी श्वास धरून बसलो. आणि उशिरानं, अगदी त्याच जागी, एक जास्तीचा.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो आणि बेल दाबली. दार उघडायला वेळ लागला. ईशा उभी होती, कपाळावर घाम, धाप लागलेली, पायांत आजोबांचे काळे बूट, तिच्या मापाला केवढे तरी मोठे. मी म्हणालो, “म्हणजे पटलं तर तुला! कसला आवाज होता गं हा?”

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, “पाइप असेल, काका.”